दाराची वर्दी

दिवेलागणीच्या सुमारास घराचें दार ओढून घ्यावें आणि रात्रीं निजण्यापूर्वीं कडी-कोयंडा एकदां हातानें चांचपून पाहावा, हा परिपाठ मराठी घरांत इतका जुना आहे कीं, त्याचा कोणी विचारही करीत नाहीं. दाराला कडी कां लावावी हें लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. परंतु लावलेली कडी कोणी काढूं लागल्यास तें घरधन्यास कळावें कसें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. कडी मुकी असते. ती चोरास अडविते, पण चोर आल्याचें सांगत नाहीं. आणि एकदां मोडली म्हणजे अडविण्याचेंही सामर्थ्य तिच्यांत उरत नाहीं. या मुक्या दारास वाचा कशी फुटली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो सांगावयाचा तर छत्रपति संभाजीनगराहून अधिक योग्य स्थळ सांपडणें कठीण. २०२३ सालापर्यंत औरंगाबाद या अधिकृत नांवानें ओळखलें जाणारें हें शहर बावन्न दरवाज्यांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या वायव्येस कांहीं कोसांवर देवगिरीचा तो किल्ला उभा आहे, ज्याच्या दारांची कथा दक्षिणेच्या इतिहासास वळण लावून गेली.

आज याच शहरांत सिडकोंत किंवा गारखेड्यांत एखाद्या बिऱ्हाडीं गेल्यास दाराच्या चौकटीवर वरच्या कोपऱ्यांत काडेपेटीएवढी एक पांढरी डबी चिकटविलेली दिसते. तिला तार नाहीं, कळ नाहीं, आवाज नाहीं. दार उघडतांच ती घरांतील मुख्य यंत्राकडे बिनतारी संदेश पाठविते आणि घंटा घणघणूं लागते. घरधनी पुण्यास मुलाकडे गेला असला तर त्याच्या खिशांतील फोनवरही ती खबर जाऊन पोंचते. लोक तिला सेन्सर म्हणतात. ही डबी नवी खरी. परंतु ती जें काम करते तें फार जुनें आहे. त्या कामाचें स्वरूप नीट समजलें नाहीं, तर डबी भिंतीवर राहते आणि घर असुरक्षितच राहतें.

कोणत्याही संरक्षणाचीं अंगें तीन. पहिलें अडथळा, दुसरें वर्दी आणि तिसरें कुमक. भिंत, दार, कुलूप हा अडथळा. कोणी आल्याची खबर ही वर्दी. ती ऐकून जो धांवत येतो ती कुमक. यांपैकीं एक अंग लंगडें पडलें कीं उरलेलीं दोन कितीही बळकट असलीं तरी व्यर्थ होतात. हें तत्त्व देवगिरीनें सातशें वर्षांपूर्वीं फार मोठी किंमत देऊन शिकविलें आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पांचवा भिल्लम यानें देवगिरीस आपली राजधानी केली. सुमारें सहाशें फूट उंचीचा तो एकाकी डोंगर. त्याच्या कडा खालपासून तासून अशा सरळ केलेल्या कीं, घोरपडीसही वर चढण्यास आधार मिळूं नये. पायथ्याशीं कातळांत खोदलेला खोल खंदक, त्यावरून जाण्यास एकच अरुंद वाट, आणि पुढें ‘अंधारी’ या नांवानें ओळखला जाणारा काळाकुट्ट, वळणावळणांचा भुयारी जिना. या जिन्याचें वरचें तोंड लोखंडी झांकणानें बंद करून त्यावर विस्तव पेटविण्याची सोय होती, म्हणजे आंत शिरलेला शत्रु धुरानें गुदमरून परत फिरावा. खालच्या तटांतील दरवाज्यांना हत्तींच्या धडका बसूं नयेत म्हणून लोखंडाचे अणकुचीदार खिळे मारलेले आहेत. हीं सारीं कामें एकाच काळचीं नाहींत. यादवांनंतरच्या सत्तांनींही त्यांत भर घातली. परंतु अडथळा या दृष्टीनें पाहतां देवगिरीच्या तोडीचे किल्ले हिंदुस्थानांत थोडेच.

असें असूनही इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी एलिचपुराच्या वाटेनें अचानक देवगिरीवर येऊन आदळला, तेव्हां राजा रामदेवराव पुरता गाफील सांपडला. मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेलेलें होतें. शत्रु दारांत येईपर्यंत त्याच्या येण्याची वर्दी राजधानीस उपयोगीं पडेल इतक्या वेळेवर मिळालीच नाहीं. राजानें किल्ल्याचा आश्रय घेतला. पुढची हकीकत फारसी तवारिखकार सांगतात ती अशी : किल्ल्यांत घाईघाईनें नेलेल्या गोण्या धान्याच्या समजून नेल्या, पण त्यांत मीठ निघालें. दिल्लीहून मोठें सैन्य पाठोपाठ येत असल्याची हूल अल्लाउद्दीनानें आधींच उठवून दिली होती. शंकरदेव परत येऊन लढाईस उभा राहिला आणि त्याचा जोर होऊं लागला, तोंच अल्लाउद्दीनाची एक लहानशी राखीव तुकडी धूळ उडवीत आली. तीच दिल्लीची फौज, असें समजून यादवांच्या सैन्याचा धीर सुटला.

या हकीकतींतील बारीकसारीक तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद असूं शकतील. परंतु तिचा मथितार्थ स्पष्ट आहे. अडथळा अभेद्य होता. खरी वर्दी उशिरां आली, खोटी वर्दी अगदीं वेळेवर आली, आणि कुमक असून नसल्यासारखी झाली. ताशीव कडा, खंदक आणि अंधारी हीं तिन्ही जागच्या जागीं उभीं होतीं; तरीही राजास अपार खंडणी देऊन तह करावा लागला, आणि पुढें बावीस वर्षांच्या आंत यादवांचें राज्य लयास गेलें. पुढें १३२७ सालीं महंमद तुघलकानें याच देवगिरीस दौलताबाद हें नांव देऊन आपली राजधानी तेथें आणली.

आतां शहराकडे वळूं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें १६१० मध्यें खडकी या गांवीं नवें नगर वसविण्यास आरंभ केला. १६१२ सालचा भडकल दरवाजा त्या काळाची साक्ष देत अजून उभा आहे. मलिक अंबराच्या मृत्यूनंतर, १६२६ मध्यें, त्याचा मुलगा फत्तेखान यानें या नगरास फत्तेनगर म्हटलें. १६५३ मध्यें दक्षिणेच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबानें त्यास आपलें नांव दिलें. मराठ्यांच्या अचानक होणाऱ्या हल्ल्यांपासून संरक्षण व्हावें म्हणून १६८२ मध्यें शहरासभोंवतीं तट घालण्यांत आला. दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का हे त्याचे चार मुख्य दरवाजे. रंगीन, रोशन, काला, कटकट अशीं इतर दरवाज्यांचीं नांवें आजही शहरवासीयांच्या तोंडीं आहेत. मोठ्या वेशींपासून लहान खिडकी-दरवाज्यांपर्यंत सर्वांची मोजदाद करून लोकांनीं बावन्नाचा आंकडा रूढ केला. आज त्यांतील थोडेच शिल्लक आहेत, आणि त्यांच्या कमानींखालून रिक्षा व दुचाकी अहोरात्र धांवत असतात.

तटाच्या शहरांत दरवाजा ही केवळ येण्याजाण्याची वाट नसे. रात्रीं तो मिटावयाचा, त्यावर पहारा बसावयाचा, आणि पहारेकऱ्यानें ठराविक वेळीं हांक द्यावयाची. या हांकेंत एक मोठी युक्ति होती. हांक ऐकूं आली म्हणजे सर्व ठीक आहे असें समजावयाचें. आणि ठरल्या वेळीं ती ऐकूं आली नाहीं, तर कांहींतरी विपरीत घडलें असें समजून तपासास निघावयाचें. म्हणजे बोलणें ही जशी खबर, तसें गप्प राहणें हीही खबरच. या युक्तीचा पुढें पुन्हां उल्लेख येईल. कारण ती त्या पांढऱ्या डबींतही दडलेली आहे.

दख्खनच्या दुर्गकारांनीं वर्दीचा याहूनही नवलाचा एक प्रकार साधला होता. गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाज्याच्या घुमटाखालीं विशिष्ट जागीं उभें राहून टाळी वाजविली असतां ती सुमारें एक किलोमीटर दूर, उंचावरील बालाहिसारांत स्पष्ट ऐकूं येते. दारावरील माणसानें टाळी वाजवावी आणि शिखरावरील माणसास क्षणार्धांत कळावें, ही एक प्रकारची बिनतारी वर्दीच होय. परंतु १६८७ मध्यें आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोवळकोंडा औरंगजेबाच्या हातीं पडला, तो आंतल्याच एका सरदारानें फितूर होऊन रात्रीं दार उघडून दिलें म्हणून. ज्याच्यावर टाळी वाजविण्याचा भरंवसा, तोच कडी काढूं लागला तर घुमट तरी काय करणार?

राजांच्या किल्ल्यांवरून सामान्यांच्या घरांकडे यावें, तर तेथेंही हींच तीन अंगें लहान प्रमाणांत दिसतात. वाड्याचा मोठा दरवाजा, त्यांतील दिंडी, आंतून सारावयाचा अडसर किंवा आगळ हा अडथळा. देवडीवर निजणारा गडी आणि अंगणांतील कुत्रें ही वर्दी. आळींतील माणसें ही कुमक. खेड्यांत जागल्या रात्रीची गस्त घाली. कित्येक भागांत रामोशी हे गांवचे राखणदार असत. चोरी झाली तर त्यांनीं चोराचा माग काढीत जावें, आणि तो माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत शिरल्याचें दाखवून दिलें म्हणजे पुढील जबाबदारी त्या गांवच्या राखणदारांवर जावी, अशी वहिवाट होती. वर्दीस उत्तर देणें हें कोणा ना कोणाचें नेमून दिलेलें काम होतें, ही त्या व्यवस्थेंतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट.

पुढें कुलुपांत पुष्कळ सुधारणा झाल्या. १८९७ मध्यें अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईंत कुलुपांचा कारखाना काढला आणि स्वदेशी कुलपास लौकिक मिळवून दिला. तथापि कुलूप हें अडथळ्याचेंच अंग. वर्दीचें अंग सुधारण्यास माणसाला विजेची वाट पाहावी लागली.

१८२० मध्यें डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. यांतूनच विद्युच्चुंबकाचा शोध लागला, आणि विद्युच्चुंबकापासून तारायंत्र व विजेची घंटा निघाली. अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ सॉमरव्हिल येथें ऑगस्टस रसेल पोप या नांवाचा एक धर्मोपदेशक राहत असे. त्यानें २१ जून १८५३ रोजीं चोराची वर्दी देणाऱ्या विद्युत्-यंत्राचें पेटंट मिळविलें. दारें आणि खिडक्या त्यानें तारांनीं घटमालेशीं जोडल्या. त्यांतील एखादें दार वा खिडकी उघडली कीं विजेचा मार्ग पूर्ण होई, विद्युच्चुंबक हातोड्यास ओढी आणि हातोडा घंटेवर आपटे. देवडीवरचा गडी झोंपूं शकतो. तार झोंपत नाहीं.

पोपचे हक्क १८५७ मध्यें एडविन होम्स या व्यापाऱ्यानें विकत घेतले, आणि १८५९ मध्यें त्यानें आपला व्यवसाय न्यूयॉर्क येथें नेला. त्या काळीं घरांत वीज नव्हती. दिवे तेलाचे किंवा गॅसचे. अशा वेळीं भिंतींतून विजेच्या तारा खेळविण्यास लोक भीत. होम्सनें चिकाटीनें त्यांची समजूत घातली. पुढें प्रत्येक घरची तार एका मध्यवर्ती कचेरींत नेण्याची पद्धत पडली. कोठेंही दार उघडलें तर ती खबर कचेरींत लागावी आणि तेथून माणसें निघावींत, अशी ही योजना. वर्दीस कुमकेची जोड मिळाली ती येथें. १८७७ मध्यें बोस्टन येथें होम्सच्या मुलानें चोर-घंटेच्या याच तारांवर टेलिफोन जोडून पाहिले, आणि टेलिफोनच्या आरंभींच्या विनिमय-केंद्रांपैकीं एक अशा रीतीनें जन्मास आलें. दाराच्या रक्षणासाठीं घातलेल्या तारांवरून माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं.

पोपच्या रचनेंत एक उणीव होती. चोरानें आधीं तारच कापली, तर विजेचा मार्ग कधींच पूर्ण होणार नाहीं आणि घंटा मुकी राहील. यावर उपाय म्हणून पुढें रचना उलटी करण्यांत आली. दार बंद असतांना वीज सतत वाहत ठेवावयाची, आणि तो प्रवाह खंडित झाला कीं घंटा वाजावयाची. मग दार उघडा कीं तार कापा, वर्दी ही जाणारच. तटावरील पहारेकऱ्याच्या हांकेचें तत्त्व तें हेंच.

आजच्या डबीचा गाभा म्हणजे जी बारीकशी कांचनळी, ती १९३६ मध्यें अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत वॉल्टर एलवुड यानें शोधून काढली. बोटाच्या पेराएवढ्या कांचेच्या नळींत दोन लोखंडी मिश्रधातूच्या पातळ पट्ट्या समोरासमोर बसविलेल्या असतात. त्यांचीं टोकें एकमेकांपासून केसभर अंतरावर. जवळ लोहचुंबक आणला कीं पट्ट्या एकमेकींस चिकटतात, चुंबक दूर नेला कीं विलग होतात. नळी दोन्ही टोकांस वितळवून बंद केल्यामुळें धूळ, दमट हवा, गंज यांचा शिरकाव होत नाहीं. म्हणून दाराच्या फळीवर चुंबक आणि चौकटीवर नळी बसविली म्हणजे झालें. दार मिटलें तर पट्ट्या मिटलेल्या. दार उघडलें तर पट्ट्या उघडलेल्या. याहून सोपी वर्दी कल्पनेंतही आणणें कठीण.

राहतां राहिली तार. तीही गळून पडली, आणि या प्रकरणीं आपल्या देशाचा वांटा अभिमानानें सांगण्याजोगा आहे. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्-लहरी भिंतींच्या आरपार पाठवून दूरच्या खोलींतील घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून आणला. मध्यें तार नाहीं, भिंत मात्र आहे, आणि पलीकडे घंटा वाजते आहे, हें दृश्य आज घरोघर घडत असलेल्या गोष्टीचें मूळ रूपच होय. त्यानंतर मार्कोनीची बिनतारी आली, १९४७ मध्यें ट्रान्झिस्टर आला, आणि जें यंत्र एका मेजावरही मावत नसे तें नखाएवढ्या चकतींत मावूं लागलें. १९६९ मध्यें न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेस व तिच्या पतीस घरगुती दूरचित्र-पहाऱ्याचें पेटंट मिळालें. कामाच्या पाळ्यांमुळें ती अवेळीं घरीं एकटी असे आणि पोलिसांना येण्यास वेळ लागे, ही त्या शोधामागची निकड होती. आपल्याकडे २००५ मध्यें ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्याविना खुला झाला, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासही त्याच वर्षीं तशी मोकळीक मिळाली. सामान्य घरांत अशीं बिनतारी साधनें येण्याची वाट त्यामुळें सुकर झाली.

आतां ही डबी घरीं बसवावयाची तर कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. सेन्सर चौकटीवर आणि चुंबक हलणाऱ्या फळीवर, असा सामान्य नियम आहे. जागा बिजागरीच्या बाजूची नव्हे, तर दार जेथून उघडतें त्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याची असावी. कारण बिजागरीपाशीं दार बरेंच उघडलें तरी चुंबक फारसा दूर जात नाहीं. दोहोंतील अंतर साधारणपणें एक ते दोन सेंटिमीटरांच्या आंत असावें, आणि डबीवरील खूण चुंबकाच्या समोर यावी. सरकत्या खिडकीस तो सरकणाऱ्या तावदानावर बसवावा लागतो. चौकट लोखंडी असेल तर ती चुंबकाचें बळही खाते आणि लहरींचीही वाट अडविते; अशा वेळीं मध्यें लांकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी. डबी चिकटविण्यापूर्वीं तिची मुख्य यंत्रांत नोंद करून, ती जेथें बसावयाची तेथूनच संदेश पोंचतो कीं नाहीं हें दार उघडून-मिटून पाहावें. जुन्या शहरांतील जाड दगडी भिंतींत ही परीक्षा विशेष आवश्यक. सिडकोच्या विटांच्या भिंतींतून जी लहर सहज जाते, ती गुलमंडीच्या जुन्या वाड्यांत अर्ध्या वाटेवरच थकते.

मराठवाड्याचा उन्हाळा हाही या कामांत विचारांत घ्यावा लागतो. पारा चाळीस अंशांच्या वर गेला कीं पश्चिमेकडील खिडकीवरची चिकटपट्टी सैल होते आणि भर दुपारीं डबी खालीं पडून उगाच घंटा वाजते. तेथें स्क्रूच बरे. पावसाळ्यांत लांकडी दार फुगतें, पुरतें मिटत नाहीं, आणि चुंबक दूर राहून खोटी वर्दी जाते. तेथें आधीं सुताराला बोलवावें, मग यंत्रज्ञाला. डबींतील लहानशी बॅटरी वर्ष-दोन वर्षें, कधीं त्याहून अधिकही चालते, म्हणून वीज गेली तरी डबी जागी असते. पण मुख्य यंत्रास स्वतःची बॅटरी नसेल तर डबीनें दिलेली हांक ऐकण्यास कोणी राहत नाहीं.

चांगल्या बनावटीच्या डब्या दार बंद असतांनाही ठराविक अंतरानें मुख्य यंत्राकडे ‘मी आहें’ असा संदेश पाठवितात. हा संदेश आला नाहीं तर बॅटरी संपली, डबी कोणी काढली, किंवा कोणी लहरींत अडथळा आणीत आहे, असें समजून यंत्र धन्यास सावध करतें. तटावरील पहारेकऱ्याची तीच हांक पुन्हां येथें ऐकूं येते. स्वस्तांतील कित्येक डब्यांत ही सोय नसते, आणि त्यांचा सांकेतिक संदेशही नेहमीं एकच असल्यामुळें तो टिपून त्याची नक्कल करणें शक्य असतें. चार पैसे वांचविण्यापूर्वीं ही गोष्ट विचारून घ्यावी. तसेंच, तावदान न उघडतां नुसती कांच फोडून कोणी आंत शिरला तर चुंबक जागचा हलत नाहीं आणि डबी गप्प राहते. तेथें गजांची जाळी किंवा कांच फुटल्याचा आवाज ओळखणारा निराळा सेन्सर हवा.

पण या साऱ्या तांत्रिक काळजीहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. डबी ही वर्दी देते. चोरास अडविणें हें तिचें काम नाहीं, आणि धांवून येणेंही तिला शक्य नाहीं. दाराचें कुलूप तकलादू ठेवून तिच्यावर विसंबणें म्हणजे गोण्या न उघडतांच किल्ला चढण्यासारखें आहे. घंटेचा सांकेतिक आंकडा गड्यामाणसांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांस ठाऊक असला, तर गोवळकोंड्याचें दार पुन्हां आंतूनच उघडतें. आणि घंटा आठवड्यांतून दोनदां विनाकारण वाजूं लागली, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींतील गांवकऱ्यांप्रमाणें शेजारी कानांवर उशी घेऊन कूस बदलतात. खोट्या वर्दीनें देवगिरीच्या सैन्याचा धीर सुटला. घरच्या खोट्या वर्दीनें शेजाऱ्यांचा विश्वास सुटतो. परिणाम एकच.

या शहरांतील कित्येक घरांची आजची स्थिति अशी आहे कीं, मुलें नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं, आणि घरीं वृद्ध मातापितर दोघेंच. दिवाळींत किंवा उन्हाळ्याच्या सुटींत तींही मुलांकडे गेलीं कीं दाराला कुलूप. रात्रीं दोन वाजतां सहा हजार मैलांवरील मुलाच्या फोनवर आईवडिलांच्या घराचें दार उघडल्याची खबर पोंचते, हा विज्ञानाचा चमत्कार खराच. परंतु त्या क्षणीं तो मुलगा करूं काय शकतो? ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळविण्यास त्याला घरच्याच कोणाला तरी उठवावें लागतें. आणि समोरच्या घरांतील माणसाचा क्रमांक त्याच्यापाशीं नसेल, किंवा त्या माणसाशीं दहा वर्षांत दोन शब्दांची ओळख झालेली नसेल, तर ती खबर त्याची झोंप उडविण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. दूर असलेल्या सैन्याची वाट पाहणाऱ्या रामदेवरावाची आणि त्याची अवस्था फारशी निराळी नाहीं.

म्हणून जाणते यंत्रज्ञ डबी बसवून झाल्यावर एक प्रश्न विचारतात : घंटा वाजल्यावर प्रथम कोणाला कळवावयाचें? या प्रश्नाचें उत्तर ज्या घरांत तयार असतें त्या घरांत यंत्राचे पैसे वसूल झाले असें समजावें. शेजाऱ्यास आधीं सांगून ठेवावें, एक किल्ली भरंवशाच्या ठिकाणीं ठेवावी, महिन्यांतून एकदां ठरवून घंटा वाजवून पाहावी, आणि ती वाजली तेव्हां कोण उठलें याचीही नोंद घ्यावी. जागल्याच्या काळीं धांवून येणें हें गांवानें नेमून दिलेलें काम होतें. आज तें कोणीच नेमून देत नाहीं. तें आपापल्या आळींत, आपापल्या जिन्यावर, चहाच्या एका कपानें पुन्हां जोडून घ्यावें लागतें.

दिल्ली दरवाज्याच्या कमानीखालून आज कोणी पहारेकरी हांक देत नाहीं. देवगिरीची अंधारी प्रवाशांच्या पावलांनीं गजबजते. बावन्न दरवाज्यांचा पहारा संपला, आणि शहरांतील लक्षावधि लहान दारांचा सुरू झाला. त्या दारांना आतां वाचा फुटली आहे. त्यांची हांक ऐकून दार उघडून बाहेर येणारें माणूस शेजारीं असावें, एवढीच काळजी घरधन्यानें दिवस असतांना घेऊन ठेवावयाची आहे.